बिनटोचल्या कानांची कुडी

मी एक कुडी बोलतेय. हळूच बोलते हं. मोठा आवाज झाला की माझी फिरकी सैल होईल, असं मला उगाचच वाटत राहतं. मिरीच्या दाण्याएवढी आहे मी, सोन्याची, वर नक्षी वगैरे काही नाही. मला एक जुळी बहीण आहे. आम्ही दोघी नदीकाठच्या मोंपोस गावात, दिलियाबाईंच्या घरी, एका पत्र्याच्या डबीत कापसात राहतो.

दिलिया जन्मली त्याच आठवड्यात अनिबाल सोनाराने आम्हाला घडवलं. तार ओढता ओढता तो तिच्या बापाला म्हणाला, "पाद्री यायच्या आधी इथले सरदार नाकात सोनं घालायचे, ठाऊक आहे का? नदीकाठच्या थडग्यांतून अजून निघतात त्या नथी."

"माझ्या पोरीला कानातलं कर बाबा, तिला सरदार नको करूस," बाप म्हणाला.

आठव्या दिवशी मेणबत्तीवर तापवलेल्या सुईने दिलियाचे कान टोचले. आधी दोरा, मग आम्ही. इथे मुलीचे कान टोचायचे की नाही, असा प्रश्नच नसतो. नाव ठेवतात, तसे कान टोचतात.

ती मोठी झाली, लोंबती कानातली घालू लागली आणि आम्ही डबीत गेलो. पुढे एके वर्षी बारांकिया शहरातून सुट्टीला येणारी पोरं एका कानात सोनं घालून यायला लागली. दिलियाचा धाकटा भाऊ एवेर तेव्हा अठरा वर्षांचा. त्याने कानाला बर्फ लावला, मागे बटाट्याची चकती धरली, आईच्या सुईने भोक पाडलं आणि मला गुपचूप उचललं. त्याच्या केसांआड मी तीन दिवस राहिले. तो नदीत सूर मारायचा तेव्हा माझा जीव मुठीत असायचा, पण खरं सांगू? मला मजा येत होती.

चौथ्या दिवशी जेवताना बापाने पाहिलं. "अरे वा! मला दोन मुली आहेत, हे कुणी सांगितलंच नाही!" सगळे हसले, एवेरसुद्धा हसला. मग बापाने हात पुढे केला आणि मला धरून ओढलं. फिरकी सुटली नाही. कानाची पाळी फाटली.

मी भित्री झाले ती त्या दिवसापासून. दिलियाने मला मिठाच्या पाण्यात धुतलं आणि डबीत ठेवलं. एवेरची ती पाळी अजून दुभंगलेली आहे.

दिलियाला योमाइरा झाली. तिचे कान दवाखान्यातच यंत्राने टोचले, खट् खट्, आणि जखम भरल्यावर आम्हाला घातलं. सतराव्या वर्षी ही पोर भुवईत पोलादाची कडी घालून दारात उभी राहिली. दिलिया ओरडलीच, "गुराला टोचतात तशी टोचून आलीस!"

"कानाला दोन भोकं पाडलीस तेव्हा मला विचारलं होतंस, आई? हे मी स्वतःला विचारून पाडलंय."

महिनाभर घरात अबोला होता. पण वारं कुणाच्या घरापाशी थांबतं का? कुणी बेंबी टोचली, कुणी जीभ, कुणी नाकाचा पडदा. योमाइरा हाच धंदा शिकली आणि तिने गावात दुकान काढलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'ज्याला हो म्हणता येत नाही, त्याला इथे टोचत नाही.'

मग योमाइराला साराई झाली, आणि दुकानातला नियम घरात आला.

"स्वतःच्या अंगावर आठ भोकं, आणि पोरीला दोन द्यायला जड जातंय होय?" दिलिया म्हणाली.

"ती मागेल तेव्हा मीच टोचीन."

"लोक तिला मुलगा म्हणतात गं!"

"म्हणू देत. ती कुठे भांडायला जाते?" मग योमाइरा हसायची थांबली. "आई, नीट ऐक. माझ्या पाठीमागे टोचून आणलेस, तर साराई तुझ्याकडे पुन्हा एकटी राहणार नाही."

 योमाइरा दुकानात जाते तेव्हा, सात ते बारा, साराई दिलियाकडे असते. नवरा गेल्यापासून तिच्या दिवसात बघण्यासारखं तेवढंच असतं.

तरी त्या मंगळवारी पाववाली म्हणालीच, "काय गुटगुटीत आहे हो नातू!" पोरीच्या डोक्यावर एवढी थोरली गुलाबी फीत होती! दिलियाने घरात येऊन डबी उचलली. अंधारात हेलकावे खात आम्ही औषधांच्या दुकानात पोचलो.

"अगंबाई, चार महिने झाले आणि कान कोरे?" दुकानातली ओदालिस म्हणाली. तिने निळ्या पेनाने साराईच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके काढले. गुदगुल्या झाल्या म्हणून साराई हसली. "आता डोकं घट्ट धरा, दिलियाताई. हातही दाबा. आणि बघू नका हं, आज्या ऐन वेळी सोडून देतात."

डबी उघडी होती, मला सगळं दिसत होतं. दिलियाने धरलं. तिने धरलंय म्हणून साराई अगदी निवांत झाली, आणि मान उलटी करून तिच्याकडे बघत राहिली. मला तर जेवणाच्या टेबलावरचा बापाचा तो हात दिसला. दिलियाला काय दिसलं, कोण जाणे. तिचं बोट साराईच्या पाळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"थांब," ती म्हणाली. "राहू दे."

रस्त्यात तिने थुंकी लावून ठिपके पुसून पाहिले. एक गेला, दुसरा जाईना. तसाच घेऊन ती घरी जाऊ शकली असती. दुपारपर्यंत साबणाने निघाला असता. पण ती सरळ योमाइराच्या दुकानात गेली.

योमाइराला ठिपका लगेच दिसला. तिने साराईची मान वळवून दोन्ही कान नीट पाहिले. भोक नव्हतं.

"टोचणार होतीस?"

"होते."

"मग?"

"तिला घट्ट धरलं होतं गं मी," दिलिया म्हणाली, आणि डबी तिच्यापुढे धरली.

योमाइराने त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग ती म्हणाली, "वाकडा काढलाय. ओदालिसला सरळ ठिपका कधी जमलाय?" तिने डबी घेतली, मला बोटावर धरलं आणि फिरकी फिरवून पाहिली. "सैल झालीय." बारीक चिमट्याने तिने ती घट्ट केली आणि डबी आईच्या हातात परत दिली. "तुझ्याकडेच ठेव. ती मागेल तेव्हा तूच काढून दे. आणि उद्या सातला तिला न्यायला ये, दोन गिऱ्हाइकं आहेत. साराईला कोण बघणार?"

आता मी पुन्हा कापसात आहे. साराई, तू मोठी झालीस की मला मागशील, किंवा नाही मागणार. नाही म्हणालीस तर माझी काही तक्रार नाही. हो म्हणालीस, तर एक विनंती आहे. घालण्याआधी मलाही एकदा विचार. तीन कानांत राहिले मी, पण मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी दचकेन जराशी. पण हो म्हणेन.