अर्धे आवळलेले बोल्ट

"सिलिकॉन ने आणि मोकळा हो," क्लेमिनाने चकचकीत ट्यूब काउंटरवर ठेवली. "तासाभरात वाळतं. होडी आता पाण्यात थोडीच जाणारे? हॉटेलच्या बागेत उभी राहणार ती."

हेस्केथने ट्यूब हातातही घेतली नाही. बेटावरच्या विंडवर्ड गावातल्या त्या दुकानात खिळे, रंग, खारवलेले मासे आणि फटी बुजवायचं सीलंट एकाच मांडणीवर नांदत होते, आणि क्लेमिना ते बापाच्या वेळेपासून विकत आली होती. दोघं एका बाकावर शिकलेली. सिलिकॉनचा तेलकटपणा लाकडात मुरतो आणि मग त्या जागी ना रंग धरत ना दुसरं काही, हे तिला सांगायची गरज नव्हती. तरी ती तेच पुढे सरकवत होती, कारण हेस्केथने त्या होडीवर एकदाचं पाणी सोडावं असं तिला मनापासून वाटत होतं.

'लेडी वेल्डा' त्याने स्वतः बांधलेली. ती समुद्रात लोटली त्या दिवशी बकरा कापला होता आणि अख्खं गाव दोर ओढायला आलं होतं. आता शीड चढवायला हेस्केथचा उजवा खांदा वर होत नव्हता. मुलगे ब्रुकलिनला गेले ते तिकडचेच झाले. बदामाच्या झाडाखाली डोळ्यांदेखत ती कुजण्यापेक्षा बरं, म्हणून बागेत बार करायला ती मागणाऱ्या हॉटेलवाल्याला त्याने हो म्हटलं. खरं तर तो दमला होता, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडून हो पटकन निघतं. हॉटेलवाल्याची अट एवढीच, की डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांपाशी डेक गळतं ते बंद करून द्यावं. खाली त्याला दारूच्या बाटल्या मांडायच्या होत्या.

"मग हे ने," क्लेमिनाने दुसरी ट्यूब काढली. "एकदा धरलं की जन्मात सोडत नाही."

"तेच तर. उद्या कुणाला पट्टा काढायचा झाला, तर फळीसकट उपटून येईल."

"कुणाला काढायचाय आता?"

हेस्केथने मागच्या रांगेतल्या, धूळ बसलेल्या तिसऱ्या ट्यूबकडे बोट दाखवलं. ते सीलंट सावकाश वाळतं, पण आतून जरा मऊच राहतं. लाकूड फुगलं-आटलं तर त्याच्याबरोबर हलतं आणि उघडायची वेळ आली तर सुरीने सुटतं. समुद्रावर जाणाऱ्या होडीला तो आयुष्यभर तेच लावत आला होता. क्लेमिनाने ट्यूब फडक्याने पुसली, "तू काही सुधारायचा नाहीस," म्हणाली आणि कागदात गुंडाळून दिली.

त्याने पट्टे काढले, जुना थर खरवडला, लाकूड उन्हात नीट सुकू दिलं. मग सीलंट भरून पट्टे परत बसवले आणि बोल्ट अर्धेच आवळले. ओलं असताना पुरते आवळले तर सगळं सीलंट बाहेर पिळून निघतं आणि आत नावालाही उरत नाही. आधी वाळू द्यायचं, मग शेवटचे आटे द्यायचे. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

ट्रक शनिवारी यायचा होता. क्रेन मोकळी मिळाली म्हणून तो बुधवारी सकाळीच दारात उभा राहिला. हेस्केथ कोको पीत होता. बोल्ट राहिलेत, दोन-तीन दिवस थांब, असं त्याने ड्रायव्हरला विनवून पाहिलं. पोरगा वाईट नव्हता, पण त्यालाही साहेबाची घाई होती.

"काका, बागेत कुठली लाट येणारे?" एवढंच म्हणून तो दोर बांधायला लागला.

होडी वळणापलीकडे गेली तरी हेस्केथ बदामाखाली उभाच होता. त्याला रडू येत होतं, पण तेवढीही ताकद अंगात उरली नव्हती. मग आत जाऊन त्याने थंड झालेला कोको संपवला.

शनिवारी त्याने खिशात पाना घातला आणि हिल्सबरोची बस पकडली. तिथून हॉटेलपर्यंत दम खात चालत गेला. 'लेडी वेल्डा' सिमेंटच्या ओट्यावर उभी होती, नव्या निळ्या रंगात. रंग बरा दिला होता. तो वळसा घालून पलीकडे गेला, तर तिच्या कुशीत दार कापलेलं. बाहेरच्या फळ्या आणि आतल्या बरगड्या करवतीने सरळ उतरवल्या होत्या. कापल्या लाकडाचा वास अजून गेला नव्हता. हेस्केथने त्या कडेवरून एकदा हात फिरवला.

आत ग्लास पुसणाऱ्या वेटरने काय हवंय म्हणून विचारलं.

"बोल्ट आवळायचे राहिलेत."

वेटरने पान्याकडे पाहिलं, मग त्या दाराकडे. त्याने हळूच विचारलं, "गळते का, काका?"

"नाही गळणार."

मग काठ न चढता, त्या कापलेल्या दारातून, घरात शिरावं तसा, हेस्केथ आपल्या होडीत शिरला. उजवा हात डाव्या हाताने वर उचलून धरला, आणि एकेक बोल्ट शेवटपर्यंत आवळत गेला.