माझी काच कोणी फोडली

मित्रांनो, भंगाराच्या ढिगात आडवा पडलेला मी एक जुना रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं शिजवायचं मोठं भांडं, बोलतोय. भंगाराला कसला आलाय राग, असं लोक म्हणतील. मला राग आहे, आणि तो गिळून बसायचा माझा स्वभाव नाही.

बाहेरून मी जाड पोलादाचा, आतून निळ्या काचेचा. तापल्या भट्टीत ही काच माझ्या पोटाला आतून चढवली. अ‍ॅसिड पोलाद खातं, काचेच्या वाटेला जात नाही. हैदराबादबाहेरच्या एका औषध कारखान्यात बावीस वर्षं माझ्या पोटात पिरिडिनचा माल शिजला. पाच कार्बन आणि एक नायट्रोजन गोल करून बसले की पिरिडिनचं कडं होतं. नायट्रोजन त्यातला भांडकुदळ. तो आहे म्हणूनच त्या कड्यापासून क्षयावरचं औषध करता येतं. वास मात्र सडक्या मासळीचा. माझा ऑपरेटर सायलू घरी गेला की त्याची बायको लच्छव्वा त्याला दारातच अडवायची. म्हणायची, "मासेवाल्याशी लग्न केलं असतं, तर निदान मासे तरी खाल्ले असते."

सायलू मला हातोडी लावू द्यायचा नाही. तेलुगूत काचेलाही गाजू म्हणतात आणि बांगडीलाही. "हळू रे, आत गाजू आहे," असं तो सगळ्यांना बजावायचा.

बाविसाव्या वर्षीच्या दसऱ्याला यंत्रांची पूजा होती. मला हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. प्लांट मॅनेजर नरहरी राव कडक इस्त्रीत आले आणि माझ्या उघड्या तोंडाच्या काठावरच नारळ फोडायला निघाले.

"सार, तिथे नको. गाजू आहे. खाली दगड ठेवलाय," सायलू म्हणाला.

"बावीस वर्षं तुला भात कोण घालतंय? दगड की हा?"

"हाच घालतोय सार, म्हणून तर."

"याला बांगड्या भरा रे कोणीतरी, फार गाजू गाजू करतोय," राव म्हणाले. सगळे खिदळले. नारळ आपटला, टाळ्या पडल्या, आणि माझ्या काठावरून तुरीच्या डाळीएवढी काच उडाली.

दुसऱ्या दिवशी सायलूने बॅटरी मारून टवका पाहिला आणि रावांना दाखवला. "एवढ्याशासाठी काम बंद ठेवू?" म्हणून त्यांनी अ‍ॅसिड भरायला लावलं. अ‍ॅसिडची वाफ टवक्यात शिरली, पोलाद खाऊ लागली. माझं लोखंड औषधात उतरलं. पांढरी यायची पूड पिवळट आली.

मग राव नोंदवही घेऊन सायलूकडे आले.

"लिही, धुताना माझ्या हातून पाना पडला, काच गेली. सही कर. समज देऊन सोडतो. पूड धुऊन पुढे पाठवू."

"आणि खाणारा, सार?"

"त्याला काय कळणार? गोळीवर लाल थर असतो. तुला दोन मुली आहेत सायलू, विचार करून लिही."

सायलूने पेन घेतलं. त्या वहीच्या पानांवर छापील क्रमांक असतात, पान फाडलं तर चोरी उघडी पडते. त्याने ठसठशीत तेलुगूत लिहिलं: काठावर नारळ रावसारांनी फोडला. काच तेव्हा गेली. पूड खराब आहे. खाली सही, तारीख, वेळ.

ही नोंद झाकता येईना, म्हणून पूड जाळावी लागली. आठवड्याभरात सायलूला उद्धट ठरवून काढलं. राव बढती घेऊन मोठ्या कारखान्यात गेले. माझ्यावर पुन्हा काच चढवता आली असती, पण मलाही गेटाबाहेर फेकलं.

मित्रांनो, यंत्रं जपा हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. मी वेगळं सांगतो. जो थांबा म्हणतो त्याला हसू नका. सायलू आता बांधकामावर वाळू चाळतो. माझ्या जागी नवा रिअ‍ॅक्टर बसलाय, आणि त्याच्यापाशी नाही म्हणणारं कोणी उरलेलं नाही. औषध घ्या, न चुकता पूर्ण घ्या. पण मोठे झालात की मोठ्या आवाजात विचारा, हे ज्याने शिजवलं त्याला तोंड उघडू दिलं होतं का?