उजव्या हातातला खोका

“एक खोका तर गेला, काकू,” समाधान म्हणाला आणि फडक्याने खुर्ची झटकून त्याने ती मनीषाबाईंकडे सरकवली. “त्याचा स्पीकर काढून मी जाहिरातीच्या रिक्षाला बसवला. लाकूड भिजून फुगलं व्हतं, ते पोरांनी शेकोटीत घातलं.”

निफाडच्या बाजारपेठेमागे समाधानचं मंडप आणि साउंडचं गोदाम होतं. गाद्यांची चळत, कनातीचे बांबू, काळ्या स्पीकरांची भिंत. मनीषाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत.

“कोणता गेला? लोखंडी मुठीचा, की कातडी पट्ट्याच्या मुठीचा?”

समाधानने डोकं खाजवलं. “लोखंडीच असंल. कारण दुसरा मी हरसूलकडं दिला, त्याला पट्टा व्हता. पॅन्टीचा पट्टा कापून ठोकल्यावानी.”

मनीषाबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. म्हणजे उजवा शिल्लक होता.

“हरसूलला कुणाला दिला?”

“काकू, दोन वर्षं झाली. इकलेली वस्तू कुणी माघारी मागतं का? मी तुम्हाला नवा देतो ना, ब्लूटूथवाला.”

“नवा आहे माझ्याकडे. कुणाला दिला ते सांगा.”

समाधानने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोबाइलमध्ये नंबर शोधायला लागला.

मनीषाबाई नाशकातल्या एका शाळेत कारकून होत्या. नोकरी सांभाळून त्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवायची, ती गिटार. लग्नांचे स्वागत समारंभ, गणपतीचे मांडव, कारखान्यांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे त्यांना बोलावणं असे. दोन जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतले होते. बटण दाबलं तरी ते लगेच बोलत नसत. आतले काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस व्हायचे, मग एक बारीक घरघर यायची आणि त्यानंतर जो सूर निघायचा त्याला अंग असायचं. कांडी उचलली तरी तो थोडा वेळ हवेत रेंगाळायचा.

वजनाला मात्र ते भयंकर होते. उचलायचे शेखर, त्यांचे यजमान. सातपूरच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी दोन हातांत दोन खोके घेऊन जिना उतरायचा. म्हणून एक डावा आणि एक उजवा. उजव्याची मूठ तुटली तेव्हा शेखरनी आपला पट्टा कापून तिथे ठोकला आणि आठवडाभर पॅन्टला नाडी बांधून कामावर गेले. गाण्यातलं त्यांना काही कळत नसे. आत्ता कोणतं गाणं झालं हेही सांगता यायचं नाही. पण परतताना ते हमखास म्हणत, “आज डाव्याला सर्दी झालीय,” आणि घरी येऊन पाहावं तर एखादा व्हॉल्व्ह खरोखरच गेलेला असे.

शेखर एका सकाळी चहा पिता पिता गेले. तेरावं झालं आणि शेजारच्या लग्नाचा मांडव काढायला समाधानचा टेम्पो गल्लीत आला. मनीषाबाईंनी गॅलरीतून त्याला हाक मारली. “हे दोन्ही घेऊन जा,” म्हणाल्या. भाव केला नाही, मागे वळून पाहिलं नाही.

मग पुण्याहून मुलगी आली. रिकामा कोपरा बघून निकिता म्हणाली, “आई, बाबांचे खोके कुठे गेले?”

बाबांचे! आयुष्यभर ते मनीषाबाईंचे अ‍ॅम्प्लिफायर होते. पोरीने एका शब्दात ते कुणाचे होते ते सांगून टाकलं.

निकितानेच नवा आणून दिला. पाठीवर अडकवून नेता येईल इतका हलका. आवाज स्वच्छ होता, पण कांडी उचलली की सूर तिथल्या तिथे मरायचा. मनीषाबाईंनी वर्षभर त्याच्याशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला. मग गिटार कपाटावर गेली. आणि एके दिवशी दुपारी ती पुन्हा खाली काढून पलंगावर ठेवून त्यांनी निफाडची एसटी पकडली होती.

हरसूलची बस त्र्यंबकेश्वरला जवळजवळ रिकामी झाली. पुढचा घाट मनीषाबाईंनी खिडकीच्या गजाला धरून काढला. हरसूलला बाजाराचा दिवस होता. समाधानने सांगितलेले भिमाजी एका झाडाखाली नागली विकत बसले होते. जवळच्या पाड्यावरच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख.

“त्यो डबा व्हय?” ते हसले. “चला, दावतो. लय शिट्टी मारतो त्यो. आन तापतो बी. पण आमच्या आक्काला त्योच लागतो.”

मारुतीच्या देवळात कोपऱ्यात उजवा उभा होता. कपाळाला लावावं तसं त्याच्या जाळीवर हळद-कुंकू लावलेलं होतं. मनीषाबाईंनी वाकून पट्ट्याच्या मुठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

“नेयला आलीस का?” मागून आवाज आला.

भिमाजींची थोरली बहीण, बयाबाई. वाळक्या अंगाची, ताठ मानेची बाई. मंडळात आधी तीच गायची, मग बाकीचे.

“हो,” मनीषाबाई म्हणाल्या. “बदल्यात नवा आणून देते. याच्यापेक्षा चांगला.”

“देवळात आलेली वस्तू जात नाय माघारी,” बयाबाई म्हणाली आणि गाभाऱ्यातली समई पुसायला लागली. बोलणं संपलं होतं.

मनीषाबाईंनी भिमाजींना विचारलं, “पुढच्या बाजाराला आले तर चालेल?”

“या की. पण आक्का ऐकायची नाय.”

“येते.”

पुढच्या बाजाराला त्या आल्या तेव्हा एका हाताने चाकांचा नवा स्पीकर ओढत होत्या आणि खांद्याला गिटार होती. पाड्याच्या चढावर दोनदा थांबून त्यांनी श्वास घेतला. भिमाजींनी नवा लावला, माइक हातात घेऊन “हॅलो, हॅलो” केलं. शिट्टी नाही, घरघर नाही. मंडळी खूश झाली. बयाबाईने अभंगाची एक ओळ म्हटली आणि माइक खाली ठेवला.

“ह्यातून टीव्हीतली बाई गाते. मी कुठं हाय?”

सगळे हसले. ती हसली नाही.

“ह्या जुन्यातून माझा आवाज जाडाभरडा येतो,” ती मनीषाबाईंना म्हणाली. “पण माझा येतो.”

नेमकं हेच मनीषाबाई दोन वर्षं निकिताला समजावून सांगत होत्या. त्यांनी गिटारची पिशवी उघडली.

“मला एकदा वाजवू द्या.”

बयाबाईने मानेनेच हो म्हटलं. वायर लावली, बटण दाबलं. मंडळी वाट बघत राहिली. हळूच घरघर सुरू झाली. मनीषाबाईंनी मांडीवरच्या तारांवर कांडी ठेवली. पहिला सूर घसरला. दुसरा स्थिर आला. मग त्यांनी डोळे मिटले आणि जे हाताला आठवत होतं ते वाजवत गेल्या. देवळाच्या पत्र्यावर, बाहेरच्या उंबरावर, खालच्या बाजारापर्यंत तो सूर पसरत गेला. शेवटचा सूर सोडून त्यांनी कांडी उचलली, तरी तो चालूच होता.

बयाबाईने विचारलं, “आन मंग इकला कशाला?”

“हे उचलायचे ना, ते माझे मालक. ते गेले.”

“ते गेले, समजलं. इकला कशाला?”

मनीषाबाईंनी कांडी मुठीत धरली. हे त्या निकिताला बोलल्या नव्हत्या, स्वतःशीही बोलल्या नव्हत्या.

“राग आला होता. हे दोन्ही आपल्या जागेवर, आणि माणूस नाही.”

“राग कोनावर?”

“त्यांच्यावरच. असं न सांगता उठून जातं का कुणी?”

बयाबाईने जाळीवरच्या कुंकवावरून बोट फिरवलं. भिमाजी काही बोलणार होते. तिने हातानेच त्यांना गप्प केलं.

“मला नुसता आवाज लागतो, बाय,” ती म्हणाली. “तुला त्योच लागतो. ने.”

“आणि तुमचं?”

“ह्यो नवा हाय ना. मी शिकवीन त्याला.”

भिमाजी खोका उचलायला पुढे झाले. “सर तिकडं,” बयाबाई म्हणाली. तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली. भिमाजींनी आणि मनीषाबाईंनी दोन बाजूंनी धरून तो खोका तिच्या डोक्यावर दिला. एकदा तिचे गुडघे वाकले, मग सरळ झाले. सगळा उतार ती न थांबता उतरली. मागून गिटार घेऊन मनीषाबाई.

बस लागलेलीच होती. “मावशी, ते मागं डिकीत टाका,” कंडक्टर म्हणाला.

“नाही. माझ्या शेजारी राहील,” मनीषाबाई म्हणाल्या.

बयाबाईने खोका खाली उतरवला. मनीषाबाईंनी पट्ट्याची मूठ धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो एकटीने उचलला. खांदा निखळतो की काय असं वाटलं. पट्टा तळव्यात रुतला. शेखर इतकी वर्षं असे दोन दोन घेऊन जिने चढले-उतरले, आणि जड आहे असं एकदाही म्हणाले नव्हते. बसच्या पायऱ्यांवर त्या थांबल्या, ओठ दाबले, आणि एकेक पायरी करत खोका वर घेतला. कंडक्टरने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही.

सीटवर बसून त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. “मी येईन, आक्का. घेऊन येईन याला,” त्या ओरडल्या.

“जड हाय. बघ,” बयाबाई म्हणाली आणि वळली.

बस सुटली. गर्दीतून वाट काढत बयाबाई पाड्याचा चढ चढत होती. डोक्यावरची चुंबळ काढायची राहून गेली होती, आणि वर ओझं असावं तशी मान अजून ताठ होती.