राखून ठेवलेला बर्फ

जन्मभर त्याने लोकांच्या घरी बर्फ पोचवला, पण स्वतःच्या घरी कधी एक खडा आणला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आता तो खाटेला खिळला होता आणि डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मागतील ते द्या." त्याने मागून मागितलं काय, तर गार लिंबूपाणी!

दुपारी बर्फाच्या कारखान्यातले सोबती एक लादी आणि जुनी लाकडी पेटी घेऊन आले. बायको हरखली. काटकसर तिच्या हाडीमासी भिनलेली. तो तिला लाडाने 'चिंगूसबाई' म्हणायचा. लादी चार दिवस पुरवायची, म्हणजे त्याला रोज गार घोट मिळेल, असं तिने ठरवलं. तिने जाड घोंगडी काढली, लादी तान्ह्या बाळासारखी गुंडाळली, सुतळीने करकचून बांधली. शेजारी लिंबूपाण्याची बाटली ठेवून पेटीचं झाकण लावलं.

संध्याकाळी तिने पेला भरून त्याच्या ओठांना लावला. दिवसभर कपाळावरच्या ओल्या पट्ट्या पिळून तिची बोटं बधिर झाली होती, पेला हाताला कसा लागतोय ते तिला कळलं नाही. त्याने घोट घेतला, जरा थांबला आणि तिच्याकडे बघून हसला.

"गार आहे ना हो?"

"दातांना कळ लागली बघ. लादी घोंगडीत बांधलीस ना गं, चिंगूसबाई?"

"मग! उद्यालाही नको का?"

"हवी की," तो म्हणाला. थांबत थांबत त्याने सगळा पेला संपवला.

पहाटे तो गेला. लेक लांबच्या गावी दिलेली, ती येईपर्यंत त्याला ठेवायला हवं होतं. सोबती आले. त्यांतल्या थोरल्याने पेटी उघडून सुतळी सोडली. लादी जशीच्या तशी होती, तिचे कोपरेसुद्धा झिजले नव्हते.

"वहिनी, अशी बांधल्यावर पेटी गार कशी व्हायची? बर्फ वितळतो तेव्हाच गारवा देतो. बोलला नाही का तो तुम्हाला?"

तिने बाटली तोंडाला लावली. पाणी कोमट होतं.

"खोटं बोललात हो माझ्याशी," ती खाटेकडे बघून म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

थोरल्याने लादी उचलून खाटेजवळ नेली.

"असू द्या, वहिनी," तो म्हणाला. "राखलीत म्हणून आता लेक येईपर्यंत पुरेल."