बाइंडरीणबाईंचं बेअरिंग

दुपारचे पावणेदोन वाजले होते आणि बाइंडरीणबाईंच्या सायकलचं पुढचं चाक स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं पडलं होतं. चार वाजता त्यांना सायकलसकट एका प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून आणायचे, अशी नोकरी. जागा एक, उमेदवार तीन, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत अट: स्वतःची चालू सायकल आणावी. सतरा वर्षं घर सांभाळल्यावर बाईंना ही नोकरी इतकी हवी होती, की चार दिवस घास गोड लागत नव्हता.

नवरा वह्या-पुस्तकं बांधायचा म्हणून गल्ली त्यांना बाइंडरीणबाई म्हणे, एवढंच. पुठ्ठ्याला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. घरातल्या दुरुस्त्या तर सगळ्या बाइंडरसाहेबांच्या. कशाला हात लावायला जावं तर, "तू राहू दे, मी बघतो," हे ठरलेलं.

पुढचं चाक कालपासून खरखरत होतं. चाकाच्या मधोमध जी नळी असते, त्या हबच्या दोन्ही टोकांची बेअरिंगं गेली होती. नवी आणून ठेवली होती, पण दुरुस्तीच्या दुकानाला नेमकी आज सुट्टी. जुन्यांपैकी एक तर दोनच ठोक्यांत सुटलं. दुसरं मात्र हटून बसलं होतं.

"तू राहू दे, मी बघतो," म्हणत बाइंडरने हातोडी घेतली आणि आतून सळई लावून असा काही घाव घातला, की बेअरिंगची आतली कडी तुटून बाहेर आली. छर्रे कपाटाखाली पळाले. बाहेरची कडी हबमध्ये जागच्या जागी!

"दोन वाजून दहा मिनिटं," खाटेवरून सासऱ्यांनी जाहीर केलं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे तेवढंच एक खातं उरलं होतं.

"मामंजी, घड्याळ मलाही दिसतंय," बाई म्हणाल्या. आता सळई टेकवायची तरी कुठे? त्यांनी चाक उचलून खिडकीशी नेलं आणि आत डोकावून पाहिलं. कडीच्या काठाने गोल, काचेसारखी पिवळी रेघ होती.

"अहो, हे पिवळं काय आहे?"

बाइंडरला एकाएकी छताचं निरीक्षण करावंसं वाटू लागलं.

"गोंद आहे," शेवटी तो म्हणाला. "दोन ट्यूबा कालवून करतात तो. गेल्या वर्षी चाक डुगडुगत होतं ना, तेव्हा भरला."

"तुम्ही तर म्हणालात, मेकॅनिककडून करून आणलं."

"त्याच्याकडे गर्दी होती गं. पुस्तकाचा कणा हलायला लागला की आपण काय करतो? तेच केलं."

त्या घरात काय चिकटवलेलं नव्हतं? कपांचे कान, चपलांचे अंगठे, सासऱ्यांच्या चष्म्याची काडी. पण सायकलचं चाक! बाईंनी काढून ठेवलेली आसाची नटं पाहिली. चाक डुगडुगत होतं ते नट सैल म्हणून. पाव फेरा पिळायचं काम होतं. या शहाण्याने नट सोडून बेअरिंगच चिकटवलं.

एरवी यावर आठवडाभर पुरेल एवढं भांडण झालं असतं. आज वेळ नव्हता. बाईंनी राग गिळला आणि एकच प्रश्न विचारला, "हा गोंद सुटतो कशाने?"

बाइंडरचा चेहरा उजळला. हे त्याच्या धंद्यातलं होतं. "उकळत्या पाण्याने. वह्यांचे पत्र्याचे कोपरे मी तसेच सोडवतो. मऊ पडतो, पण गार झाला की पुन्हा घट्ट. घाई करावी लागते."

किटलीत पाणी उकळलं. चाक मोरीत नेऊन बाइंडरने हबवर धार धरली आणि दुसरा हात सवयीने हातोडीकडे नेला.

"हातोडी इकडे द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाणी ओता."

त्याने ती दिली आणि किटली दोन्ही हातांनी धरली. बाईंनी एक जाड बोल्ट आतून तिरका घालून त्याचं डोकं कडीच्या आतल्या, छर्रे फिरतात त्या खाचेत अडकवलं. हलका ठोका. चाक थोडं फिरवून समोरच्या बाजूला दुसरा. काही नाही. पुन्हा पाणी, पुन्हा ठोके. हाताला चटके बसत होते, केस डोळ्यांवर येत होते, आणि आवाज तोच, बद्द.

"तीनला पाच कमी."

तिसऱ्या किटलीला आवाज बदलला. बाईंच्या मनगटाला ते आधी कळलं. "हललं! ओता, ओता, थांबू नका!" कडी एका बाजूने वर आली आणि तिरकी होऊन अडली. बाईंनी समोरच्या बाजूला ठोका दिला. इकडे एक, तिकडे एक. आणि टण्णकन कडी मोरीत पडली! सासरे घड्याळ विसरून खाटेवरून उठून आले. बाईंना इतका आनंद झाला, की ती गरम कडी त्यांनी हातात उचलली आणि ओरडून पुन्हा टाकली.

हब खरवडून, पुसून नवी बेअरिंगं बसवायला अर्धा तास लागला. नटं बाईंनी स्वतः पिळली. साडेतीनला त्या पायडलवर होत्या आणि चाक खरखर न करता फिरत होतं.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला, "नमुने पिशवीत आहेत आणि सायकल वाटेत बिघडली. काय कराल?"

पहिला म्हणाला, दुकानाला फोन करीन. दुसरा म्हणाला, भाऊ मोटरसायकल घेऊन येईल. बाईंच्या ओठावर 'आमचे हे बघतील' आलंच होतं.

"मी दुरुस्त करीन," त्या म्हणाल्या.

"येतं तुम्हाला?"

"येतं. आत्ताच अडकलेलं बेअरिंग काढून आलेय." आणि इतका वेळ पदराआड लपवलेले, ग्रीसने काळे झालेले दोन्ही हात त्यांनी टेबलावर ठेवले.

मॅडमनी हात पाहिले. मग बाहेर जाऊन सायकलचं पुढचं चाक उचलून फिरवलं. ते फिरतच राहिलं.

"बेसिन तिकडे आहे, हात धुवून घ्या," त्या परत येऊन म्हणाल्या. "उद्यापासून हातमोजे आमच्याकडून मिळतील."

बाई बेसिनपर्यंत गेल्या, नळ सोडला, साबण घेतला, आणि मग कुठे त्यांना 'उद्यापासून' ऐकू आलं.