मामाच्या चित्रफितीचे वर्णन

दृष्टिहीनांसाठी दृश्याचे वर्णन करताना जे दिसते तेवढेच सांगावे, जे वाटते ते ऐकणाऱ्यावर सोडावे आणि विशेषणांना दारातूनच परत पाठवावे, हा नियम बाईंनी स्वतः लिहिला होता. विद्यापीठातली नोकरी संपल्यावर चपलांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत त्यांनी बोलक्या पुस्तकांची संस्था काढली, त्याला नऊ वर्षे झाली होती. हा नियम एक दिवस हत्यारासारखा उपसावा लागेल आणि तोही सख्ख्या भाच्यावर, असे तेव्हा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

संस्थेची ध्वनिमुद्रणाची यंत्रे थकली होती. नवी घ्यायची तर देणग्या हव्यात, आणि मागणे ही कला बाईंना कधी साधली नाही. त्यांचे आवाहनाचे पत्र वाचणारा आधी शब्दकोश उघडी आणि मग पाकीट बंद करी. म्हणून त्यांनी थोरल्या बहिणीच्या मुलाला बोलावले. लहान संस्थांना इंटरनेटवरून देणग्या मिळवून देणे हा भाच्याचा व्यवसाय होता, आणि मावशीकडून तो काही घेणार नव्हता. दरमहा थोडे देणारे दाते जोडणे, वाढदिवसाच्या भेटीऐवजी देणगी मागणे, शेवटी रविवारी दुपारी दात्यांसाठी थेट कार्यक्रम करणे, या त्याच्या कल्पनांत खोट काढण्यासारखे काही नव्हते. बाईंनी काढूनही पाहिली होती.

"पण सगळ्यात आधी एक व्हिडिओ," भाचा म्हणाला. "मावशी, लोक संस्थेला देत नाहीत गं. घशात आवंढा आला की देतात."

"आपण पुस्तकं वाचून दाखवतो. त्यात आवंढा कुठला?"

"तेच तर दुखणं आहे. तुझ्याकडे धड एक दुःखी माणूस नाही. मामाला घेऊ या."

मामा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, त्यांचे दादा, जन्मापासून दृष्टिहीन. संगीत विद्यालयातले चौदा पियानो सव्वीस वर्षे तेच सुरात जुळवत आले होते. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरून ते ज्या चपळाईने उतरत, त्या चपळाईने उतरताना डोळस शिक्षक कठडा धरत. चित्रफीत तयार झाली त्या दिवशी बाई एका ग्रंथाचे ध्वनिमुद्रण तपासत होत्या. भाच्याने संमतिपत्र पुढे केले, त्यांनी न वाचता सही ठोकली, आणि चित्रफीत न पाहताच जाऊ दिली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना तळटिपासुद्धा वाचायला लावणाऱ्या बाईंचा हा अपराध, आणि त्याला त्यांच्यापाशी माफी नव्हती.

चित्रफीत तीन आठवड्यांत चाळीस हजार लोकांनी पाहिली. देणग्या येऊ लागल्या. आणि एका मंगळवारी विद्यालयाच्या प्राचार्यांनी दादांना फोन करून फार मायेने सांगितले की आता विश्रांती घ्यावी, इमारतीत जिने आहेत, काही झाले तर जबाबदारी कोणाची.

दादा त्याच संध्याकाळी बहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"धाकटे, मला तो व्हिडिओ सांग. नियमाने सांग. माझी कीव करू नकोस."

बाईंनी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि नियमाने सांगितला. "तू तुझ्या घरात आहेस. डोळ्यांवर काळा चष्मा नाही. दोन्ही हात पुढे पसरून चालतो आहेस."

"चष्मा त्यानं काढायला लावला. म्हणाला, काचेवर दिवा चमकतो. हात पुढे धरा, मामा, म्हणजे कॅमेऱ्याला अंतर कळेल." दादांनी मान बहिणीकडे वळवली. "कॅमेऱ्याला अंतर असं कळतं का गं?"

"नाही."

"मला काय माहीत. मी म्हटलं, असेल बाबा. पुढे?"

"तुझा हात कपाला लागतो. कप खाली पडून फुटतो. तू गुडघ्यांवर बसून तुकडे चाचपडतोस. अक्षरं येतात, 'यांना हात द्या.'"

दादांनी टेबलावर बोटांनी एक ताल धरला आणि मोडला. "कप मी ओट्यावर ठेवला होता, भिंतीला लागून. माझ्या घरात माझा कप मला लागत नसतो, धाकटे. आणि मागे जो पियानो वाजतोय तो बेसूर आहे. सहावी पट्टी उतरली आहे. ऐकणाऱ्याला वाटेल तो मीच जुळवलाय."

भाऊ गेल्यावर बाईंनी चित्रफीत पुन्हा लावली, या खेपेला थांबवत थांबवत. पाहणारे सगळे चेहरा पाहतात. कोपरे पाहण्याची सवय फक्त वर्णन करणाऱ्यांना असते, कारण वर्णनातून काही सुटता कामा नये. एक मिनिट अकराव्या सेकंदाला चौकटीच्या उजव्या कडेने एक हात आत आला. मनगटावर हिरव्या पट्ट्याचे घड्याळ. तो हात ओट्यावरचा कप उचलून वाटेतल्या स्टुलावर ठेवून मागे गेला. ते घड्याळ बाईंनीच भाच्याला पदवी मिळाल्यावर दिले होते.

ओरडणे हा बाईंचा स्वभाव नव्हता. राग आला की त्यांची वाक्ये अधिक शुद्ध होत. त्यांनी भाच्याला फोन केला आणि हवापाण्याची चौकशी करावी तशा स्वरात विचारले, "रविवारी व्हिडिओ दाखवणार आहेस ना? संस्थेचा नियम आहे, वर्णनाशिवाय चित्रफीत दाखवत नाही."

"आंधळे कुठे बघणारेत तो?" तो हसला. "पण लाव लाव. मोठ्या दात्यांना आवडतं असलं."

"मजकूर पाठवते. वाचून मंजुरी दे."

"मावशी, तू लिहिणार आणि मी तपासणार? दिली मंजुरी."

"लेखी दे."

त्याने लेखी दिली. न वाचता. बाईंना त्या क्षणी जे झाले त्याला समाधान म्हणणे सौम्य ठरेल.

मजकूर पाच दिवस चालला. 'निर्लज्जपणे', 'चोरटा', 'फसवून' असे शब्द पहिल्या खर्ड्यात आले, आणि बाईंनी ते एकेक करून खुडले. कशाचीही बाजू न घेणारे वाक्य माणसाला किती उघडे पाडू शकते, हे त्यांनी चाळीस वर्षे शिकवले होते. आता प्रात्यक्षिक होते. दादांनी पियानोची ओळ मात्र हट्टाने घालायला लावली.

"ते दृश्य नाही, दादा."

"मग मला ऐकू येतं ते कोण सांगणार? लिही."

रविवारी दुपारी संस्थेच्या मोठ्या खोलीत पडदा, कॅमेरा आणि भाचा असे तिघेही सज्ज होते. दुसऱ्या बाजूला सहाशे दाते आपापल्या घरून पाहत होते. संगीत विद्यालयाचे विद्यार्थी सुरुवातीला वाजवणार, म्हणून प्राचार्यही कार्यक्रमात सामील होते. आवाजाचे यंत्र दादांच्या हाताखाली होते. त्या खोलीत ते दुसऱ्या कोणी हाताळत नसे. वादन झाले, भाचा दोन भावपूर्ण वाक्ये बोलला आणि चित्रफीत सुरू झाली. वर बाईंचा मुद्रित केलेला आवाज.

"स्वयंपाकघर. एक माणूस दारात उभा आहे. डोळ्यांखाली चष्म्याचा वळ आहे. चष्मा खिडकीत ठेवलेला. पार्श्वभूमीला पियानो, सहावी पट्टी उतरलेली. हा पियानो या माणसाने जुळवलेला नाही. माणूस थांबतो, कॅमेऱ्याकडे मान वळवतो, ऐकतो. मान डोलावतो. दोन्ही हात पुढे करतो. उजव्या कडेने दुसऱ्या माणसाचा हात चौकटीत येतो. मनगटावर घड्याळ, पट्टा हिरवा. हात भिंतीजवळचा कप उचलून वाटेतल्या स्टुलावर ठेवतो. हात बाहेर जातो. माणूस चालू लागतो."

भाच्याने आपला डावा हात पाठीमागे नेला. घड्याळ त्यावरच होते, आणि कॅमेरा त्याच्यावरच होता.

"मामा, आवाज बंद करा," तो दबक्या स्वरात म्हणाला.

"का रे? वर्णन चाललंय."

"मामा, प्लीज. सगळे बघतायत."

"तेच हवं होतं ना तुला? बाजूला हो, वायर पायात येईल. मला दिसत नाही, पण तू पडशील."

बाईंचा आवाज शांतपणे पुढे गेला. "कप फुटतो. माणूस खाली वाकतो. पाठीमागून, पियानोखाली दबलेल्या आवाजात, कोणीतरी म्हणते, 'अजून एकदा, मामा.' स्टुलावर दुसरा कप. फरशीवर आधीच तुकडे आहेत. मोजता येतात ते नऊ."

पडद्याच्या कडेला दात्यांचे शब्द भराभर चढू लागले. घड्याळ कोणाचे, असे पहिल्याने विचारले. दुसऱ्याने उत्तर दिले. त्यानंतरचे बाईंनी सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले. कित्येकांनी देणगी मागे घेतली, यंत्रांचा बेत वर्षभर लांबला. ही किंमत बाईंनी पाच दिवसांपूर्वीच मान्य केली होती.

थोरल्या बहिणीचा फोन तासाभरात आला. "एकुलता एक आहे गं तो. दोन संस्थांनी आत्ताच त्याचं काम थांबवलं. घरातली गोष्ट घरात सांगायचीस."

"ताई, त्यानं घरातला माणूस चाळीस हजारांना दाखवला. मी फक्त काय दाखवलं ते सांगितलं."

"काढून टाक ते वर्णन."

"त्यानंच मंजूर केलंय. लेखी आहे." आणि बाईंनी फोन ठेवला. बहिणीसाठी त्यांना वाईट वाटले, पण हात फोनकडे परत गेला नाही.

सोमवारी प्राचार्यांनी दादांना फोन केला. झाले ते विसरून जावे, म्हणाले. नेहमीसारखे या, चौदाही पियानो वाट पाहत आहेत.

"येईन की," दादा म्हणाले. "पण मला का काढलं होतंत, ते आधी सभागृहात सांगा. सगळ्यांसमोर."

बुधवारी सकाळी बाई भावाबरोबर गेल्या. सभागृह भरले होते. दादा व्यासपीठावरच्या पियानोशी, झाकण उघडून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. प्राचार्य उभे राहिले, घसा साफ केला, आणि एक व्हिडिओ पाहून, कोणालाही न विचारता, सव्वीस वर्षे काम केलेल्या माणसाला आपण जिन्याची भीती दाखवून घरी बसवले, हे खाली पाहत सांगून टाकले. चूक झाली, हे दोन शब्द त्यांनी जवळजवळ गिळले.

दादांनी मान वर केली.

"जरा मोठ्यानं, सर," ते म्हणाले. "मागच्या रांगेत ऐकू गेलं नाही. पहिल्यापासून सांगा."