डाव्या खांद्यावरून

हानाए तोकुनागानं जोडी मोडायचं ठरवलं, ते ताकामात्सुच्या स्टेशनाजवळच्या एका उदोनच्या, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांच्या, दुकानात सांगितलं. दुपारची वेळ होती, दुकानात कामावरच्या माणसांची गर्दी, आणि दोघींना काउंटरला चिकटून उभं राहून खावं लागत होतं.

"पुढच्या मोसमात मी रुकाबरोबर खेळणार आहे," हानाए म्हणाली.

"बरं," मिचिरू म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे ऐकलं मी, हानाए-सान."

हानाए दोन वर्षांनी मोठी. शाळेत असताना मिचिरू तिच्या रॅकेटी उचलायची. पुढं आठ वर्षं दोघींनी टेनिसच्या दुहेरीत जग पालथं घातलं, एकाच खोलीत झोपल्या, एकच टूथपेस्ट वापरली, मेलबर्नला एकदा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेल्या. तरी मिचिरूच्या तोंडचं 'सान' हे आदराचं शेपूट काही सुटलं नव्हतं.

मिचिरू अजून काही बोलेल म्हणून हानाए थांबली, मग पैसे देऊन निघून गेली. मिचिरूनं भांड्यातला रस्सा शेवटपर्यंत प्यायला. संध्याकाळी आईचा फोन आला.

"रडलीस का गं?"

"नाही."

"मग काय केलंस?"

"उदोन संपवला."

आईनं फोन ठेवला. पोरीचं हे असं अलीकडे वाढत चाललं होतं. जिंकली तरी "जिंकले" आणि हरली तरी "हरले", दोन्हीचा सूर एकच. मिचिरूलाही ते कळत होतं, पण दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगच वाटायचं. खेळ मात्र चालू होता. हातपाय आपापलं काम करत होते.

नवी जोडीदार मिळाली ती एत्सुको शिराइशी. होक्काइदोची, चौतीस वर्षांची, एका मुलीची आई, आणि बोलायला लागली की पंचांनाही ऐकावं लागे. पहिल्याच सरावाला तिनं जाहीर करून टाकलं, "आपण दोघी मिळून सहासष्ट वर्षांच्या. ती रुका एकोणीसची. तिच्या आज्या शोभू आपण. लाज सोडून खेळायचं."

शरद ऋतूत मात्सुयामाच्या स्पर्धेत उपांत्य फेरीला नेमक्या त्याच दोघी समोर आल्या, हानाए आणि रुका.

मात्सुयामा म्हणजे मिचिरू आणि हानाए दोघींच्या शिकोकू बेटावरचं, मिचिरूच्या घरापासून जवळच. उवाजिमाजवळ समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगरावर तिच्या वडिलांची संत्र्यांची बाग. वडील सकाळीच टेम्पो घेऊन आले होते, हंगामातली पहिली, अजून हिरवट संत्री खोक्यात भरून. एक खोकं त्यांनी मिचिरूकडे दिलं आणि दुसरं घेऊन सरळ हानाएकडे गेले. जोडी तुटली वगैरे गोष्टी त्यांच्या हिशेबी नव्हत्या. शाळेत असल्यापासून ही मुलगी सुट्टीत त्यांच्याकडेच जेवायची.

"बारीक झालीस," ते हानाएला म्हणाले. "सामना झाला की घरी चल. काकूनं ताईचा भात केलाय."

ताई म्हणजे मासा. हानाएच्या विशेष आवडीचा. तिनं वाकून नमस्कार केला आणि हसली. हसताना तिनं मान किंचित डावीकडे वळवली. ती तसं का करते, हे त्या सगळ्या मैदानावर फक्त मिचिरूला माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावी, रिकाम्या खुर्च्यांपुढं चाललेल्या सामन्यात, समोरच्या बाईचा जोरकस स्मॅश हानाएच्या डाव्या डोळ्यावर बसला. डॉक्टरांनी डोळ्याचा आतला पडदा लेसरनं टाचला. डोळा राहिला, पण डावीकडून उंच आलेला चेंडू मधेच कुठंतरी नाहीसा व्हायचा. "कुणाला सांगू नकोस," दवाखान्याच्या पायरीवर हानाए म्हणाली होती. "कळलं की सगळ्या तिथंच मारतील." मिचिरूनं सांगितलं नाही. हानाए उजव्या बाजूला खेळायची, मिचिरू डाव्या; मधल्या पट्ट्यात उंच आलेला प्रत्येक चेंडू मिचिरू धावत जाऊन घ्यायची. लोक म्हणायचे, ही मिचिरू असाओका फार अधाशी आहे, जोडीदाराचेही चेंडू खाते. दोघी ते ऐकून घ्यायच्या.

आता ते काम रुका करत होती, न कळता. ताडमाड उंच पोर, जागेवरून हात वर केला की मधला सगळा पट्टा तिचा. पहिला सेट त्यांनी सहज घेतला. वाऱ्यानं कोर्टावरच्या कृत्रिम गवतात पसरलेली वाळू उडत होती. बाजू बदलताना एत्सुको धापा टाकत खुर्चीत पडली.

"ही पोरगी आहे की विजेचा खांब? मिचिरू, अगं, तू हानाएबरोबर आठ वर्षं खेळलीस. काहीतरी सांग की. कुठं दुखतं तिला?"

मिचिरूनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, झाकण परत बसवलं.

"डाव्या खांद्यावरून," ती म्हणाली. "आधी रुकाला पार कडेला ओढायचं. मग हानाएच्या डाव्या खांद्यावरून लॉब. फार उंच नको."

"एवढंच?"

"एवढंच. तिला तो दिसत नाही."

हे शब्द स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तसे बाहेर पडले. आपण काय बोललो हे तिला कळलं होतं. त्याचं काहीतरी वाटायला हवं होतं, आणि ते येईल म्हणून ती उठेपर्यंत थांबलीही. पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं.

खांद्यावरून उचललेला पहिला लॉब हानाएच्या रॅकेटच्या कडेला लागून प्रेक्षकांत गेला. दुसऱ्याला तिनं रॅकेट फिरवली तेव्हा चेंडू मागं पडून गेला होता. तिसऱ्यानंतर हानाएनं नेटपलीकडून मिचिरूकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का हे आठवून पाहावं, तसं काहीतरी होतं. मग ती परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

दुसरा सेट मिचिरू-एत्सुकोचा झाला. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होता, त्यातही त्याच पुढं राहिल्या. एत्सुको आता काही बोलत नव्हती. शेवटच्या गुणाला तिनं रुकाला कडेला खेचलं, परतीचा चेंडू मिचिरूकडे आला. समोर खुली जागा होती. सरळ मारला असता तरी गुण मिळाला असता. मिचिरूच्या हातानं लॉब मारला. हानाए वळली, दोन पावलं भलत्याच दिशेला गेली, पाय अडकून वाळूत पडली. चेंडू तिच्यापासून हातभर अंतरावर टप्पा घेऊन गेला.

रुका किंचाळली, "दिसला नाही का तुम्हाला? इतका समोर!"

टाळ्या वाजायला सुरुवात झाली होती, ती थांबली.

हानाए तळहात झटकत उठली. "नाही," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे. "नाही दिसला."

नेटपाशी चौघींनी हात मिळवले. हानाएचा तळहात वाळूनं खरखरीत होता. ती "छान खेळलात" म्हणाली. मिचिरू वाकली, आणि जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली, कारण वर पाहून काय करायचं ते सुचत नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत रुका तिच्यासमोर येऊन उभी राहिली. नाक लाल झालेलं, डोळे सुजलेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला कुणी सांगितलंच नाही. मी त्यांच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले."

मिचिरूनं तिला कोरडा टॉवेल दिला. पोर त्यात तोंड खुपसून हुंदके देत राहिली. मिचिरू शेजारी बसून बघत होती. केवढं सहज रडता येतं हिला, असं तिच्या मनात आलं.

बाहेर टेम्पोपाशी वडील उभे होते. हानाए आली नव्हती. ती सरळ हॉटेलवर गेली होती.

"तिथंच का मारत होतीस?" वडिलांनी विचारलं.

"जिंकायला."

वडिलांनी टेम्पोचं दार उघडलं, पुन्हा लावलं. "ती मुलगी आपल्या घरी जेवायची," ते म्हणाले. मग त्यांनी टेम्पो घराकडे काढला. आईनं ताईचा भात वाढला. मिचिरूनं दोनदा घेतला.

अंतिम सामना त्यांनी जिंकला. चषक घेताना फोटोवाला "हसा, हसा" म्हणाला, तेव्हा एत्सुको दोघींच्या वाटचं हसली.

आठवडाभरात हानाएनं निवृत्ती जाहीर केली. पत्रकारांना तिनं डोळ्याचं खरं सांगितलं. मिचिरूचं नाव घेतलं नाही. मग थंडी पडल्यावर तिनं स्वतःच फोन करून मिचिरूला ताकामात्सुला बोलावलं. तिथल्या एका मुलींच्या शाळेत ती आता टेनिस शिकवत होती. मैदानाकडेच्या बाकावर दोघी बसल्या. डब्यातून आणलेली भाताची मूद हानाएनं मोडून अर्धी मिचिरूला दिली.

"पहिल्यांदा फार राग आला होता तुझा," हानाए म्हणाली. "मग म्हटलं, मी तिला सोडलं, तिनं सूड घेतला. फिटलं. माणूस आहे. मीसुद्धा तेच केलं असतं."

मिचिरूला मान डोलावता आली असती. सगळं तिथंच मिटलं असतं.

"सूड नव्हता, हानाए-सान."

"मग? जिंकायचंच होतं इतकं?"

"तसंही नाही. एत्सुकोनं विचारलं, मी सांगितलं. मला काही वाटलंच नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तू पडलीस तेव्हा वाटेल असं वाटलं होतं."

हानाए चावता चावता थांबली. मैदानावर मुली एका तालात आरोळ्या देत धावत होत्या.

"हे वाईट आहे, मिचिरू," ती हळू आवाजात म्हणाली. "रागानं केलं असतंस तर बरं झालं असतं. कधीपासून आहे हे?"

"माहीत नाही. तुझ्याबरोबर खेळत होते तेव्हापासूनच असेल."

"मला दिसलं नाही."

"मी दाखवलं नाही."

हानाएनं भाताचा उरलेला तुकडा डब्यात ठेवून झाकण लावलं. "मी तुला माफ केलंय की नाही, ते माझं मलाच कळत नाही," ती म्हणाली. "पण असं खेळू नकोस आता. कुणाबरोबरच नको." मग तिनं शिटी गळ्यात अडकवली आणि मुलींकडे गेली.

परतीच्या गाडीची वाट बघताना मिचिरूनं फलाटावरूनच एत्सुकोला फोन लावला आणि सांगितलं, की जानेवारीत मी ऑस्ट्रेलियाला येत नाही, त्यानंतरचंही माहीत नाही.

"वेड लागलं का तुला?" एत्सुको कडाडली. "चषक जिंकून महिना दोन महिने झालेत! इतकी वर्षं घासून आता कुठं वर आलो आपण! दुखापत आहे का?"

"नाही."

"घरी कुणी आजारी?"

"नाही. मला काहीच वाटत नाही, एत्सुको. बऱ्याच दिवसांपासून. डॉक्टरकडे जाईन म्हणते."

 मग एत्सुको म्हणाली, "जा. नक्की जा. पण आधी मला दुसरी जोडीदार शोधून दे. आणि या खेपेला डोळ्यांनी, डोक्यानं, सगळीकडून धड असलेली बघ. तुमच्या शिकोकूची नको."

मिचिरूला हसू फुटलं. हातातला फोन हलला, शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. ते हसू जेमतेम क्षणभर टिकलं आणि आत सगळं पूर्वीसारखं सपाट झालं. गाडी आली. ती आत जाऊन बसली आणि दवाखान्याचा नंबर शोधू लागली.